जिंकलेली कंपनी माजते, हरलेली ताळ्यावर येते : कन्सोलवाल्यांबद्दल माझं मत

खेळगडी

कन्सोल, म्हणजे घरी गेम खेळायची यंत्रं : त्यात सोनी भारी की मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स भारी की निन्टेन्डो सगळ्यांचा बाप, यावर बरेच धागे निघून गेले. ग्राफिक्स, फ्रेमरेट, एक्सक्लुझिव्ह गेम मोजून भांडणं झाली. मला या कंपन्यांना वेगळं माप लावायचंय. ज्यांनी आधीच पैसे मोजलेत त्या गिऱ्हाइकाशी कंपनी कशी वागते? जिंकत असताना कशी, आणि हरत असताना कशी? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मला एकच चाल पुन्हा पुन्हा दिसते. यंत्रांच्या एका पिढीत बाजार मारलेली कंपनी पुढच्या पिढीत गिऱ्हाईक गृहीत धरते. तोंडावर आपटली की तिला ते आठवतं, आणि तिच्या हातून सगळ्यात चांगलं काम त्या पडत्या काळातच होतं.

निन्टेन्डो बघा. १९८३ साली जपानात फॅमिकॉम आला, १९८५ला तो एनईएस म्हणून अमेरिकेत गेला आणि तिथला बसलेला बाजार त्याने उठवला. हे श्रेय त्यांचंच. पण बाजार हातात आल्यावर गेम बनवणाऱ्यांना त्यांनी जमीनदारी नियम लावले. कॅसेटमधली चिप त्यांची, कॅसेट बनवून देणार तेच, पैसे आधी मोजायचे, आणि एका कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे. १९९१मध्ये सोनीबरोबर सीडीच्या यंत्राचा करार झालेला होता. शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी, त्याच प्रदर्शनात, निन्टेन्डोने आपण फिलिप्सबरोबर जात असल्याचं सांगितलं. सोनीच्या केन कुतारागींनी मग स्वतःचंच यंत्र तडीस नेलं. ३ डिसेंबर १९९४ला जपानात प्लेस्टेशन आला. एवढं होऊनही निन्टेन्डोने १९९६चा एन६४ कॅसेटवरच ठेवला. मोठ्यात मोठी कॅसेट ६४ एमबीची आणि महाग, समोर साडेसहाशे एमबीची स्वस्त सीडी. स्क्वेअर या गेम बनवणाऱ्या कंपनीने फायनल फँटसी ७ प्लेस्टेशनवर नेला, तोही तीन सीड्यांवर. प्लेस्टेशन १० कोटींच्या वर खपला, एन६४ सव्वातीन कोटींच्या जरा पुढे थांबला.

मग सोनीची पाळी. पीएस२, म्हणजे दुसरा प्लेस्टेशन, सोळा कोटींवर गेला, इतका दुसरा कुठलाच कन्सोल खपलेला नाही. त्या भरात २००६चा पीएस३ आला. वरच्या मॉडेलची किंमत ५९९ डॉलर. हा घेण्यासाठी आपण जास्त तास काम करू असं लोकांना वाटलं पाहिजे, अशा अर्थाचं कुतारागी आधीच बोलून गेले होते. आतला सेल प्रोसेसर इतका किचकट की दोन्हीकडे निघणारे बाहेरच्या स्टुडिओंचे गेम कित्येकदा एक्सबॉक्स ३६०वरच जास्त नीट चालायचे. पहिल्या यंत्रांत पीएस२चे गेम चालत होते, पुढे खर्च वाचवायला ती सोयही काढून टाकली.

३६०ने मायक्रोसॉफ्टला वर आणलं आणि मे २०१३मध्ये त्यांनी एक्सबॉक्स वन दाखवला. दिवसातून एकदा तो इंटरनेटला जोडायलाच हवा, डिस्क विकण्यावर आणि दुसऱ्याला देण्यावर बंधनं, कायनेक्ट कॅमेरा गळ्यात, किंमत ४९९ डॉलर. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी आमचा ३६० आहे, असं एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख डॉन मॅट्रिक मुलाखतीत म्हणाले. तेव्हा आपल्याकडे तालुक्याच्या गावी ब्रॉडबँडची काय अवस्था होती ते आठवा. सोनीने त्याच जूनमध्ये काही सेकंदांचा व्हिडिओ काढला : पीएस४चा गेम मित्राला कसा द्यायचा? एकाने डिस्क पुढे केली, दुसऱ्याने घेतली, संपला व्हिडिओ. किंमत ३९९. मायक्रोसॉफ्टने १९ जूनला सगळी बंधनं मागे घेतली, पण ती पिढी हातची गेली ती गेलीच.

आता पडत्या काळाकडे येतो, कारण मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

२०११मध्ये निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा ३डीएस आला आणि खपेना. सहा महिन्यांच्या आत निन्टेन्डोने अमेरिकेतली किंमत २४९वरून १६९ डॉलरवर आणली. मग ज्यांनी आधी पूर्ण पैसे मोजले होते त्यांचं काय? त्यांना २० जुने गेम फुकट दिले, दहा एनईएसचे आणि दहा गेमबॉय ॲडव्हान्सचे. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. पुढे वी यू सपशेल पडला. वी दहा कोटींच्या वर खपला होता, वी यू दीड कोटीपर्यंतही पोचला नाही. २०१४मध्ये इवातांनी पुन्हा काही महिन्यांसाठी पगार निम्म्यावर आणला. त्याच्या आदल्या वर्षी भागधारकांच्या सभेत नोकरकपातीचा प्रश्न निघाला होता. त्यावर त्यांचं उत्तर असं होतं की तात्पुरते आकडे सुधारायला माणसं काढली तर उरलेल्यांचं मनोधैर्य खचतं, आणि नोकरीच्या धास्तीत बसलेली माणसं लोकांना भिडेल असा गेम बनवू शकत नाहीत. हा माणूस मूळचा प्रोग्रॅमर होता, अशी टेबलं त्याने आतून पाहिलेली होती. ११ जुलै २०१५ला ते वारले. स्विच त्यानंतर वीस महिन्यांनी आला, आणि वी यूसाठी घडवलेले मारिओ कार्ट ८ आणि ब्रेथ ऑफ द वाइल्ड त्याच्यावर गेले. ज्या माणसांना इवातांनी ठेवून घेतलं त्यांनीच कंपनी उभी केली. या धंद्यात दुसऱ्या कुणाबद्दल मला इतका आदर वाटत नाही.

सोनीचंही तसंच. पीएस३वर ऑनलाइन खेळणं शेवटपर्यंत फुकट होतं. अनचार्टेड २, जर्नी, लास्ट ऑफ अस, सगळे त्या मागे पडलेल्या यंत्रावरचे. पीएस४ आला आणि ऑनलाइन खेळायला वर्गणी लागली. तो जिंकत असताना, २०१८मध्ये, फोर्टनाइट हा ऑनलाइन गेम स्विचवर गेला, तर पीएस४ला जोडलेलं खातं तिकडे चालेना. आरडाओरडा झाल्यावर सप्टेंबरमध्ये दार उघडलं.

आणि हरलेल्या मायक्रोसॉफ्टने २०१५पासून ३६०चे, पुढे मूळ एक्सबॉक्सचेही गेम नव्या यंत्रावर चालवून दाखवले. यादीतली जुनी डिस्क घाला आणि खेळा, पुन्हा पैसे नाहीत. गिऱ्हाइकासाठी कुठल्याही कन्सोल कंपनीने केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे असं माझं ठाम मत आहे, आणि मी गेम जास्त खेळतो ते प्लेस्टेशनवर.

म्हणून मला आज काळजी वाटते. सोनीसमोर तोडीचं कुणी उरलेलं नाही.

सॅटर्नप्रेमी

लेख आवडला, पण यात सेगा कुठे आहे? तुमची मांडणी सेगापाशी अडते.

सेगाचा मेगा ड्राइव्ह कन्सोल घेतलेल्या माणसाला कंपनीने आधी सीडीची जोड विकली. मग नोव्हेंबर १९९४मध्ये ३२एक्स नावाची दुसरी जोड. ती घेतलेल्यांनी डोळे उघडून बघेपर्यंत ११ मे १९९५ला अमेरिकेत सॅटर्न आणला. तारीख सप्टेंबरची ठरली होती, अचानक जाहीर केलं की आजपासून दुकानात आहे, ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर गेले, "२९९" एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. शिवाय सॅटर्नचा माल मोजक्याच दुकानांना मिळाला. केबी टॉइजसारख्या साखळीने रागाने सेगाचा मालच ठेवायचा बंद केला. ३२एक्स तर वाऱ्यावर सोडला.

मग सेगाचा पुढचा कन्सोल, ड्रीमकास्ट. आतच मोडेम, १९९८-९९ साली! शेनमू, जेट सेट रेडिओ, क्रेझी टॅक्सी, आणि कन्सोलवर जगभरच्या लोकांबरोबर खेळायचा फँटसी स्टार ऑनलाइन. पडत्या काळातलं चांगलं काम म्हणाल तर याच्यावर काही नाही. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःची अफाट संपत्ती कंपनीत ओतली. तरी ३१ जानेवारी २००१ला कन्सोल बंद करत असल्याचं जाहीर करावं लागलं, आणि मार्चमध्ये ओकावा गेले. जपानात सेगाने त्या मेलेल्या यंत्रासाठी २००४मध्येही पुयो पुयो फीव्हर काढला.

मला म्हणायचंय ते हे, की पडल्यावर सुधारलेल्या कंपनीला दुसरी संधी मिळेलच असं नाही. निन्टेन्डोकडे पैसा साठलेला होता, मायक्रोसॉफ्टकडे विंडोज होतं. सेगाकडे फक्त चांगले गेम होते. विश्वास एकदा गेला की गेम कितीही चांगले असोत, लोक पीएस२ची वाट बघत थांबले.

हिशोबनीस

दोघांचंही वाचलं. पण तुम्ही कंपनीला माणसासारखा स्वभाव चिकटवताय. हिशोब साधा आहे. ज्याचं यंत्र घरोघरी आहे त्याच्याकडे गेमवाले आपसूक येतात, प्रत्येक गेममागे त्याला वाटा मिळतो, त्यामुळे त्याला काही फुकट द्यायची गरजच नसते. ज्याचं यंत्र पडून आहे त्याला गिऱ्हाईक ओढायला काहीतरी सोडावं लागतं. क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या कन्सोलवाल्यांनी एकत्र खेळणं, मायक्रोसॉफ्टला २०१८मध्ये हवं होतं कारण खेळाडू सोनीकडे होते. ३६०च्या भरभराटीत हीच मायक्रोसॉफ्ट ऑनलाइन खेळायचे पैसे घेत होती आणि पीएस३वर ते फुकट होतं. जागा बदलल्या की भूमिका बदलते. त्यात माज कसला आणि ताळ्यावर येणं कसलं?

लाल दिव्यांच्या प्रकरणातही हाच नियम. ३६० लाल दिवे लावून बंद पडायला लागले तेव्हा जुलै २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली. पीएस३ नुकताच आलेला, गिऱ्हाईक तिकडे पळेल ही भीती समोर होती.

खेळगडी

हिशोबनीस, तुमचा हिशोब बरोबर आहे आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. कारण भीतीच असेल, तर ती भीती टिकली पाहिजे हे आपल्याला गिऱ्हाईक म्हणून हवं. पण सगळंच हिशोबाने ठरलं असतं तर सेगा आणि निन्टेन्डो पडत्या काळात सारखेच वागले असते. १९९५च्या सेगाने ३२एक्सवाल्याला काहीच दिलं नाही. २०११च्या निन्टेन्डोने आधीच्या गिऱ्हाइकाला २० गेम दिले. पैसे तर त्याच्याकडून आधीच येऊन चुकले होते. कुणीतरी माणूस खुर्चीत बसून तसं ठरवतो. म्हणून मी इवातांचं नाव घेतलं.

सॅटर्नप्रेमी, सेगाबद्दलचं सगळं मान्य. फँटसी स्टार ऑनलाइनवर स्वतंत्र धागा काढाच.

चिंचवडकर

मी गेमसाठी थ्रीडी मॉडेल बनवतो. बाहेरच्या मोठ्या गेमांची कामं आमच्यासारख्यांकडे येतात : कुणाची भिंत, कुणाचं झाड, कुणाची गाडी. म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. कंपनी गिऱ्हाइकाशी कशी वागते हे एक माप. ती बनवणाऱ्यांशी कशी वागते हे दुसरं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

हरलेली मायक्रोसॉफ्ट ताळ्यावर आली म्हणता? ऑक्टोबर २०२३मध्ये तिने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम कंपनी विकत घेण्याचा सौदा पुरा केला, ६८.७ अब्ज डॉलरचा. तीन महिन्यांत, जानेवारी २०२४मध्ये, गेम विभागातल्या १,९०० लोकांना घरी पाठवलं. मे महिन्यात आपलाच टँगो गेमवर्क्स स्टुडिओ बंद केला. टँगो म्हणजे हाय-फाय रश बनवणारे! जानेवारी २०२३मध्ये जाहिरात न करता, जाहीर केला त्याच दिवशी विकायला आलेला तो गेम. तालावर मारामारी, आणि काय सुंदर रंग! लोकांनी डोक्यावर घेतला. त्या संघाचं पुढे क्राफ्टन या दुसऱ्या गेम कंपनीने पालकत्व घेतलं म्हणून तो वाचला. इवातांनी सभेत जे सांगितलं त्याच्या हे नेमकं उलट आहे, आणि हे हरत असलेल्या कंपनीने केलं.

सोनीचं सांगायचं तर त्यांचा कॉन्कॉर्ड हा गेम २३ ऑगस्ट २०२४ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. गिऱ्हाइकांना सगळे पैसे परत दिले, तुमच्या मापाने उत्तम वागणूक. बनवणाऱ्यांचा स्टुडिओ ऑक्टोबरमध्ये बंद. आणि त्याच सप्टेंबरमध्ये टोकियोच्या छोट्या संघाचा ॲस्ट्रो बॉट आला, वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. ज्या जपान स्टुडिओतून हा संघ निघाला तो सोनीने २०२१मध्येच मोडला होता.

आपल्याकडचं एक उदाहरण मनाला लागून राहिलंय. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या सँड्स ऑफ टाइमचा नवा अवतार युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिला होता. सप्टेंबर २०२०मध्ये ट्रेलर आला आणि ग्राफिक्सवरून झोड उठली. मे २०२२मध्ये काम माँट्रियलला गेलं. जस्ट डान्सचं काम पुण्यात वर्षानुवर्षं झालेलं आहे, पण तो गेम खेळणाऱ्यांना ते माहीत नसतं. ट्रेलर पडला तेव्हा मात्र पुण्याचं नाव सगळ्यांना कळलं. मोठं काम हातात आल्यावर शिकायला वेळ द्यावा लागतो. तो कधी मिळणार?

खेळगडी

चिंचवडकर, टँगोचं उदाहरण माझ्या मांडणीत बसत नाही आणि मी ते ओढून बसवणार नाही. इतका पैसा पाठीशी असला की हरणाऱ्याला हरल्याची झळ लागत नाही, दुसऱ्याला विकत घेता येतं. वी यूच्या काळातल्या निन्टेन्डोला गेम विकण्यावाचून दुसरा धंदा नव्हता. हा फरक मोठा आहे.

मेघना_र

निन्टेन्डोचं कौतुक वाचून बरं वाटलं, आमच्या घरात तोच चालतो. मुलांच्या हातात निर्धास्त द्यावा असा दुसरा कन्सोल नाही. पण मूळ लेखाच्या न्यायाने जिंकलेल्या निन्टेन्डोबद्दलही लिहायला हवं ना? स्विच पंधरा कोटींच्या वर गेला आणि त्याच्या जॉय-कॉन कंट्रोलरची काडी आपोआप सरकण्याचा दोष जगभर गाजला. जून २०२०मध्ये अध्यक्ष फुरुकावा यांनी दिलगिरी व्यक्त केली. २०२३मध्ये युरोपात ग्राहक संघटनांच्या रेट्याने वॉरंटी संपल्यावरही मोफत दुरुस्तीचं कबूल केलं. भारतात पहिला स्विच अधिकृतपणे आलाच नाही, तेव्हा आपण कुणाकडे मागणार? दुकानदार आयात करून विकतो, त्याची वॉरंटी त्याच्या शब्दावर.

आणि २७ मार्च २०२३ला ३डीएस आणि वी यूचं ऑनलाइन दुकान बंद झालं. फक्त तिथेच मिळणारे कितीतरी गेम त्या दिवसापासून विकत घेताच येत नाहीत. माझ्या मुलीला जुने गेम दाखवायचे तर निन्टेन्डोची वर्षाची वर्गणी भरा. वर्गणी थांबली की गेमही थांबले. २० गेम कायमचे देणारी कंपनी ती हीच का, असं वाटतं.

एडिसनवाला

इथे न्यू जर्सीत जून २०२५मध्ये स्विच २ घेतला. मारिओ कार्ट वर्ल्ड ८० डॉलरचा. किमतीवरून लोक चिडले, मला ते तितकंसं पटत नाही. एन६४च्या काळात ६०-७० डॉलरच्या कॅसेटी होत्याच, आणि तेव्हाचे ७० डॉलर म्हणजे आजचे कितीतरी जास्त. माझा राग गेम-की कार्डवर आहे. खोक्यात कार्ड असतं, पण कार्डात गेम नसतो. कार्ड घातलं की गेम इंटरनेटवरून उतरवायचा, आणि खेळताना कार्ड आत ठेवायचंच. निन्टेन्डोचे स्वतःचे मोठे गेम पूर्ण कार्डावर येतात, बाहेरच्या कंपन्या मात्र सर्रास हा मार्ग घेतात. कार्ड पुढे विकता येतं एवढं खरं. पण मेघनाताई म्हणतात तसं दुकान एक दिवस बंद झालं तर?

सोनीनेही मार्च २०२१मध्ये पीएस३ आणि हातात धरायच्या व्हिटाचं ऑनलाइन दुकान बंद करायचं जाहीर केलं होतं. लोक उठले आणि महिन्याभरात निर्णय फिरला. ओरडण्याचा उपयोग होतो.

नवा_भिडू

सगळा धागा वाचला, खूप शिकायला मिळालं. मी आत्तापर्यंत मोबाइलवरच खेळलोय. आता साठवलेल्या पैशांतून पीएस५ घ्यायचाय. डिस्कवाला घेऊ की डिजिटल? डिजिटल स्वस्त पडतोय. आणि पहिला गेम कुठला?

हिशोबनीस

डिस्कवाला. भारतात २०२१ला तो ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९०ला आला होता. फरक दहा हजारांचा. पीएस५चे मोठे गेम तेव्हा ४,९९९चे होते. डिस्क घेऊन, पूर्ण करून निम्म्या किमतीला जरी विकली तरी चार-पाच गेमांत तो फरक निघतो. डिजिटलवर एकच दुकान, भाव तेच ठरवणार.

खेळगडी

पूर्ण सहमत. सोनीने २०२४ला ७०० डॉलरचा पीएस५ प्रो काढला त्यात डिस्क ड्राइव्हच नाही, वेगळा घ्यायचा. वारा कुठे वाहतोय ते यातून कळतं. डिस्क घेणारे जितके जास्त, तितकी ती सोय टिकेल. म्हणून डिस्कवालाच घे, आणि जुन्या डिस्क बिनधास्त घे. पीएस४च्या जवळजवळ सगळ्या डिस्क त्यावर चालतात.

एक लक्षात ठेव, नव्या स्लिम मॉडेलचा ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. आणि दुसऱ्याकडून डिस्क घेताना खोक्यात डिस्कऐवजी नुसता कोड तर नाही ना, ते उघडून बघ. कोड वापरलेला असेल तर पैसे गेले.

पहिला गेम ॲस्ट्रोज प्लेरूम, तो यंत्रात आधीच असतो, फुकट. त्यात सोनीची सगळी जुनी यंत्रं वस्तू म्हणून सापडत जातात. आवडला तर ॲस्ट्रो बॉटची डिस्क घे. मग ब्लडबोर्न, पण तो महिनाभराने.